पहिली कुपी उघडण्याआधी

अगं, टोचायची घाई करू नकोस, आधी कुपीकडे बघ. बोटॉक्स म्हणजे सुरकुत्यांसाठी टोचायचं, स्नायू सैल करणारं औषध. त्याच्या १०० युनिटच्या कुपीत कोरडी पूड असते आणि व्हॅक्यूम, म्हणजे हवा काढलेली पोकळी, असतो. सुई बुचातून आत गेली की सलाइन आपोआप ओढलं जायला हवं. नाही ओढलं, तर कितीही महाग असो, ती कुपी टाकून दे. २.५ मिली सलाइन घातलंस की ०.१ मिलीत ४ युनिट. हलक्या हाताने फिरव. डिस्पोर्ट हा याच प्रकारच्या औषधाचा दुसरा ब्रँड, त्याचे युनिट वेगळे, हा हिशोब तिथे लावायचा नाही. भुवयांमधल्या आठ्यांना पाच जागी मिळून २० युनिट, पण भुवईखालच्या हाडापासून किमान १ सेंटीमीटर वर राहा. औषध खाली उतरलं तर पापणी लोंबते, आणि पेशंटला कित्येक आठवडे आरशात तेच दिसतं. मायस्थेनिया, म्हणजे स्नायू दुबळे करणारा आजार, आहे का, हे विचारल्याशिवाय तर सुई उचलूच नकोस.