प्लॅक्सो ही ऑनलाइन अ‍ॅड्रेस बुक कंपनी का बंद पडली?
ज्या मेलांच्या जोरावर प्लॅक्सो वाढली, त्यांनीच तिचं नाव खराब केलं, हे माझ्या मते मुख्य कारण. २००२ मध्ये सुरू झालेली ही सेवा तुमच्या आउटलुकमधल्या (मायक्रोसॉफ्टच्या ईमेल प्रोग्राममधल्या) संपर्क-यादीतल्या लोकांना तुमच्याच नावाने ‘तुमचा फोन-पत्ता बरोबर आहे का, तपासा’ असे मेल धाडायची. काहींनी खातं उघडलं, बाकीचे वैतागले. २००६ मध्ये कंपनीने हे मेल आवरते घेतले, पण तोवर नको ती ख्याती झाली होती. २००८ मध्ये कॉमकास्ट या अमेरिकी केबल कंपनीने प्लॅक्सो विकत घेतली, २०१७ अखेर सेवा बंद. अर्थात नुसत्या मेलांवर खापर फोडता येणार नाही: लोक फेसबुक-लिंक्डइनवर आपली माहिती स्वतःच बदलू लागले आणि फोनमधले नंबर गूगल-अ‍ॅपल फुकटात जुळवून देऊ लागले.