प्लग बसतो, नंबर जुळत नाहीत

वाचकांचे प्रश्न : सर्वो आणि पॅनेल वायरिंग

प्रश्न : एका मशीनवर पॅनासॉनिक ए५ सर्वो ड्राइव्ह (सर्वो मोटर चालवणारा कंट्रोलर) होता. त्याच्या जागी यास्कावाचा सिग्मा-५ बसवायचा ठरलं आहे. दोघांचाही सिग्नलचा प्लग ५० पिनांचा, आणि जुना प्लग नव्या ड्राइव्हमध्ये व्यवस्थित बसतो. जुनीच केबल चालेल का? नवीन करायची झाली तर मॅन्युअलमधल्या चित्रात पिन चार ओळींत दाखवल्या आहेत आणि हातातल्या प्लगवर दोनच ओळी दिसतात. १ नंबर कुठला धरायचा?

उत्तर : जुनी केबल लावू नका. बसतोय ना, मग चालेल, या हिशोबाने जोडलेले ड्राइव्ह माझ्या बेंचवर येत असतात आणि त्यांचं इनपुट गेलेलं असतं. तुमच्याकडे सारखा आहे तो फक्त प्लग. आत कुठल्या नंबरवर काय आणायचं, ते ज्या त्या कंपनीने आपापलं ठरवलं आहे.

तुमच्याच जोडीचं पाहू. ए५च्या एक्स-४ कनेक्टरवर २४ व्होल्टचा प्लस ७ नंबरला येतो आणि सर्वो ऑन (मोटर चालायला तयार करणारा सिग्नल) २९ला. सिग्मा-५च्या सीएन-१वर हाच प्लस ४७ला लागतो आणि सर्वो ऑन ४०ला. मग सिग्मावर ७ला काय आहे? पल्स इनपुटची, म्हणजे मोटर किती फिरवायची ते सांगणाऱ्या पल्स जिथे येतात त्याची, एक बाजू. दुसरी बाजू ८ला. आणि ए५च्या केबलमध्ये ८ची वायर बहुतेक वेळा लिमिट स्विचमधून शून्य व्होल्टला गेलेली असते. म्हणजे जुना प्लग लावून सप्लाय दिला, की पल्स इनपुटच्या दोन टोकांवर अख्खे २४ व्होल्ट बसतात. तिथे २४ व्होल्टवर काम करायचं तर बाहेरून २.२ किलोओहमचा रेझिस्टन्स घालावा लागतो. तो नसला की आतला फोटोकपलर (सिग्नल प्रकाशाने आत पोचवणारा भाग) जातो. वर गंमत अशी की ड्राइव्ह चालू होतो, डिस्प्ले येतो, अलार्मही नसतो. मोटर तेवढी हलत नाही, आणि माणूस पॅरामीटर चाळत बसतो.

आता चित्राकडे वळू. चार ओळी दिसतात, पण त्या दोनच आहेत. आकडे दाटीने बसत नाहीत म्हणून प्रत्येक ओळीतले एकाआड एक वरखाली छापले आहेत. वरच्या दोन मिळून १ ते २५, खालच्या दोन मिळून २६ ते ५०, आणि १च्या समोर २६. एक ओळ विषमांची आणि एक समांची असं वाचलंत, तर पहिल्या दोन-चार वायरींतच घोळ होईल.

खरी अडचण पुढे आहे. चित्र कुठल्या बाजूने काढलंय? सोल्डर करायच्या बाजूने पाहिलं तर १ एका टोकाला, ड्राइव्हमध्ये जाणाऱ्या तोंडाकडून पाहिलं तर दुसऱ्या. चित्राखाली बारीक अक्षरात किंवा छोटा बाण काढून ते सांगितलेलं असतं. बहुधा कव्हर काढून सोल्डरच्या बाजूने पाहिलेलं चित्र असतं. ही ओळ न वाचता सोल्डरिंग आयर्न गरम करायचं नाही. चित्राचा फोटो काढून मोबाइलवर पाठवणाऱ्यांनी ती ओळ कापू नये, एवढी विनंती.

चित्रापेक्षा माझा भरवसा प्लगवर जास्त. बहुतेक प्लगांच्या काळ्या प्लॅस्टिकवर कडेला १, २५, २६, ५० असे आकडे उमटवलेले असतात. त्यांना रंग नसतो, नुसता उंचवटा असतो. टॉर्च समोरून मारला तर काहीच दिसत नाही. तो प्लगला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि भिंगातून पाहत हळूहळू फिरवा; एका कोनात आकड्याची सावली पडते आणि १ वाचता येतो. सापडला की त्या टोकाला मार्करने पांढरा ठिपका द्या, कारण प्लग व्हाइसमध्ये उलटा धरला की पुन्हा शोधाशोध होते.

सोल्डर करताना दोन सोल्डर कपांमध्ये अंतर १.२७ मिलिमीटर असतं, तेव्हा ०.२ स्क्वेअर मिलिमीटरच्या वर वायर घेऊ नका आणि प्रत्येक कपावर श्रिंक स्लीव्ह चढवा. पल्स आणि त्याचा उलटा पल्स एकाच पिळातल्या जोडीत घ्या. पल्स एका जोडीत आणि त्याचा उलटा दुसरीत, अशी अर्धी-अर्धी वाटणी केली तर पिळाचा काही उपयोग उरत नाही.

मग मल्टिमीटरचा बझर (जोड असला की वाजणारा). एक प्रोब वायरच्या मोकळ्या टोकाला, दुसरा प्लगच्या तोंडाकडच्या बाजूला. सोल्डरच्याच बाजूला टेकवलात तर आपलं आपल्यालाच विचारल्यासारखं होईल. जाड प्रोब शेजारच्या दोन पिनांना एकदम टेकतो, म्हणून त्याला सुई बांधा. प्रत्येक वायरीला तिची पिन वाजते का हे पाहायचं, आणि दोन्ही शेजारच्या वाजत नाहीत ना हेही.

नंबर चुकलेले निघाले तर लगेच सोल्डर उचकटू नका. आधी दोन-तीन वायरींचे हवे असलेले आणि मिळालेले नंबर शेजारी मांडा. वरच्या ओळीत दोघांची बेरीज सतत २६ येत असेल आणि खालच्या ओळीत ७६, तर चित्र उलट्या बाजूने वाचलंय : ४७ची वायर २९वर, ४०ची ३६वर. बेरीज ५१ येत असेल तर प्लग १८० अंशांत फिरलेला होता. फरक नेमका २५चा असेल तर ओळींची अदलाबदल झाली आहे. या तिन्हींत बसत नसेल, तर चूक एखाद-दुसऱ्या वायरीपुरती आहे. आणि हो, पहिल्या प्रकारात १३ आणि ३८ आपल्या जागी बरोबरच राहतात. तपासायला नेमकी मधली पिन निवडून खूश होऊ नका.

हे सगळं प्लग ड्राइव्हच्या बाहेर असताना. ड्राइव्हच्या कनेक्टरला हात लावायचा असेल तर सप्लाय बंद करून चार्जचा दिवा विझेपर्यंत आणि मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं पूर्ण होईपर्यंत थांबा. सिंगल फेज २३० व्होल्टच्या ड्राइव्हमध्येही आत डीसी सव्वातीनशेच्या आसपास असतो.

प्रश्न : एफआरसी (चपट्या) केबलच्या एका टोकाला २६ पिनी हेडर आणि दुसऱ्या टोकाला २५ पिनी डी कनेक्टर आहे. हेडरच्या २ नंबरचा सिग्नल डी कनेक्टरच्या २वर मिळत नाही. केबल खराब आहे का?

उत्तर : केबल ठीक आहे. तुमचा सिग्नल १४वर शोधा.

हेडरची मोजणी नागमोडी असते : एका ओळीत १, ३, ५ आणि समोर २, ४, ६. डी कनेक्टरची ओळीने : वर १ ते १३, खाली १४ ते २५. चपटी केबल दोन्हीकडे नुसती दाबून बसवलेली असल्यामुळे लाल रेघेची पहिली वायर १वर जाते, दुसरी १४वर, तिसरी २वर, चौथी १५वर. २६वी वायर तशीच राहते. ९ पिनी डी कनेक्टर आणि १० पिनी हेडर असेल तर मात्र दोन रिवाज बाजारात आहेत : काही केबली अशाच दाबलेल्या, काही नंबराला नंबर जोडलेल्या. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, तेव्हा तिथे बझर लावायचाच.

डी कनेक्टरची रुंद बाजू वर धरली, तर मेलच्या तोंडाकडून १ डावीकडे असतो आणि फिमेलच्या तोंडाकडून उजवीकडे. सोल्डरच्या बाजूने बरोबर उलट. फिमेलच्या भोकात मल्टिमीटरचा प्रोब खुपसू नका. आतला स्प्रिंग फाकतो आणि पुढे कधीतरी मशीन मधेच थांबायला लागतं. बारीक पिन किंवा तारेचा तुकडा वापरा.

प्रश्न : मोटरच्या एन्कोडरला (मोटर किती फिरली ते ड्राइव्हला सांगणारा भाग) गोल मिलिटरी टाइप कनेक्टर आहे, १७ पिनी. ए, बी, सी असं मोजत गेलं तर शेवटची पिन क्यू यायला हवी, पण कनेक्टरवर टी आहे. चुकीचा कनेक्टर मिळाला का?

उत्तर : कनेक्टर बरोबर आहे. या जातीत आय, ओ आणि क्यू ही अक्षरं गाळतात. एक आणि शून्याशी गल्लत होते म्हणून. त्यामुळे सतरावी पिन टी. मोठ्या कनेक्टरमध्ये झेडनंतर लहान लिपीतलं ए सुरू होतं, म्हणून पिन लिस्ट लिहिताना मोठी-लहान अक्षरं जपा.

मोजत मात्र जाऊ नका. अक्षरं बाहेरून आत वळत जातात आणि पिनच्या बाजूने पाहिलं तर एका दिशेला, सॉकेटच्या बाजूने पाहिलं तर दुसऱ्या. प्रत्येक पिनशेजारचं छापील अक्षर वाचा. एम२३ जातीच्या गोल कनेक्टरमध्ये तर डावीकडून आणि उजवीकडून मोजणारे असे दोन्ही प्रकारचे इन्सर्ट मिळतात, मागवताना ते पाहून घ्या.

पॉवरचा कनेक्टर ४ पिनी असेल तर पुष्कळ मोटरांवर ए म्हणजे यू, बी म्हणजे व्ही, सी म्हणजे डब्ल्यू आणि डी म्हणजे अर्थ. तरी नेमप्लेटवरच्या मॉडेलचं मॅन्युअल काढा. मोटर उलटी फिरते म्हणून साध्या मोटरसारख्या दोन फेज बदलू नका. सर्वोत फेजचा आणि एन्कोडरचा मेळ असतो. तो मोडला की मोटर धावत सुटते किंवा ओव्हरलोड दाखवून थांबते. दिशा पॅरामीटरमधून बदलायची.

एन्कोडरचा प्लग मोटरला लावण्याआधी ड्राइव्ह चालू करून केबलच्या टोकाला सप्लायच्या दोन पिनांवर मीटर धरा. बहुतेक सर्वो एन्कोडर ५ व्होल्टचे असतात. आकडा आणि पोलॅरिटी दोन्ही जुळले, तर ड्राइव्ह बंद करून मग प्लग लावा. आणि इन्सुलेशन तपासायला मेगर (जास्त व्होल्टवर तपासणारा मीटर) काढलात तर तो मोटरच्या वाइंडिंगपुरता, तेही ड्राइव्हच्या वायरी सोडवून. एन्कोडरच्या पिनांना तो कधीच लावायचा नाही.