बदनाम माणसं, खऱ्या गोष्टी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घाशीराम कोतवाल नाटक परत बघितलं. त्याने खरंच स्वतःची पोरगी नाना फडणवीसाला देऊन कोतवाली मिळवली का हो? आमच्या ग्रुपवर यावरून भांडणं चालू आहेत, एकदाचा निकाल लावा. (एक वाचक, सातारा)

उत्तर : निकाल असा की माणूस खरा, कोतवाली खरी, मरण तर अगदी खरं, पण मुलीचा भाग नाटकातला. नाटककार विजय तेंडुलकरांनी स्वतःच सांगितलेलं की हे ऐतिहासिक नाटक नाही, त्यामुळे त्यांच्यावर चिडून उपयोग नाही. १९७२ मध्ये नाटक आलं तेव्हा लोक चिडले ते नानासाठी, घाशीरामासाठी कोणी चिडल्याचं निदान मी तरी ऐकलेलं नाही!

खरा घाशीराम सावळदास हा औरंगाबादकडून आलेला उत्तरेकडचा ब्राह्मण. १७७७ मध्ये त्याला पुण्याची कोतवाली मिळाली आणि त्याचं कारण सरळ राजकारण होतं. बारभाईंचा, म्हणजे नाना आणि बाकीच्या कारभाऱ्यांच्या मंडळाचा, कारभार अजून पुरता बसला नव्हता, पेशवाईवर हक्क सांगणाऱ्या राघोबादादाची माणसं शहरात कुठे उतरतात, कोणाच्या वाड्यात रात्री कोण जातं येतं ही खबर नानाला रोज हवी होती आणि घाशीराम ती आणून द्यायचा, बस. त्या काळी कोतवाल म्हणजे नुसता पोलीस नव्हे, बाजारभावावर लक्ष, घर-जागेच्या खरेदीविक्रीची नोंद, पेठांमधली भांडणं, रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यावर दिसेल त्याला पकडणं, सगळं त्याच्याच हातात. एवढी पॉवर एका माणसाकडे आणि त्याच्या डोक्यावर एकटा नाना, मग काय होणार ते सांगायला ज्योतिषी नको.

आता ऑगस्ट १७९१. दक्षिणा घ्यायला पुण्यात आलेले तीसेक तेलंग (तेलुगू मुलखातले) ब्राह्मण घाशीरामाच्या बागेजवळ उतरले होते. बागेतल्या फळांवरून, कोणी म्हणतं कणसांवरून, तिथल्या माणसांशी त्यांची वादावादी झाली आणि घाशीरामाने त्या सगळ्यांना धरून एका छोट्या कोंदट जागेत कोंडून ठेवलं. ना हवा, ना पाणी. वीसहून जास्त माणसं गुदमरून मेली. ते कुलूप उघडलं कोणी, तर मानाजी फाकडे या सरदाराने, त्याला कळलं म्हणून त्याने माणसं पाठवून दार तोडलं आणि बातमी पेशव्यापर्यंत नेली. तोपर्यंत घाशीराम नानाला सांगून मोकळा झाला होता की पकडलेले लोक चोर होते. आणि नानाने ते आधी मानलंही, इथे मला नानाचा खरा राग येतो, कारण चौदा वर्षं तो या माणसाच्या शब्दावर शहर चालवत होता, एक उलटा प्रश्न विचारला असता तर!

पुढचं भयंकर आहे. शहरातले तेलंग ब्राह्मण नानाच्या दारात येऊन बसले, हलेनात, गर्दी वाढत गेली. शेवटी घाशीरामाची शहरातून धिंड काढली आणि ३१ ऑगस्टला त्याला त्या जमावाच्या ताब्यात दिलं. गारपिराजवळ लोकांनी दगडांनी ठेचून मारला त्याला. कोतवालाला शिक्षा झाली हे ठीक, पण सरकारने आपलाच अधिकारी जमावाकडे सोपवून हात झटकले. नाना पुढे १८०० साली वारला तो कारभारी म्हणूनच, मधे थोडा काळ पद गेलं होतं पण ते वेगळ्या राजकारणात, या प्रकरणात नाही. तर ग्रुपवर सांगा की मुलगी सोडा, भांडायचंच तर यावर भांडा.

प्रश्न : मी नाशिकची, आनंदवल्लीला नेहमी जाणं होतं. आनंदीबाईने 'ध'चा 'मा' केला हे लहानपणापासून ऐकतेय, पण त्या बाईने खरंच ते केलं का? कोणी कागद बघितलाय का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ताई, तो कागद आज कोणाकडेही नाही. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला, वय जेमतेम अठरा. गारदी, म्हणजे भाडोत्री शिपाई, थकलेल्या पगाराचं निमित्त करून घुसले, पोरगा धावत काकाकडे, म्हणजे आनंदीबाईचा नवरा राघोबाकडे, गेला, काकाला मिठी मारली आणि तिथेच त्याला मारलं. त्याच्यासोबत त्याला वाचवायला गेलेला चापाजी टिळेकर गेला, अजून काही नोकरचाकर गेले, त्यांची नावं मात्र कोणाच्या तोंडी नाहीत.

आनंदीबाईने 'धरावे'चं 'मारावे' केलं ही गोष्ट इतिहासकार ग्रँट डफने छापली, पण १८२६ मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी, आणि तीसुद्धा लोकांची तशी समजूत आहे म्हणून. हा सातारला इंग्रजांचा रेसिडेंट होता, कागदपत्रांबरोबर जुन्या लोकांकडून ऐकूनही लिहायचा. ऐकीव गोष्ट खोटीच असते असं नाही, पण मला विचाराल तर कागदावर काय होतं यापेक्षा तो दिला कोणी हे बघा. समजा 'धरावे'च लिहिलं होतं, तरी गादीवर बसलेल्या पेशव्याला भाडोत्री शिपायांकरवी पकडायचा हुकूम देणं हा काय साधा गुन्हा आहे? तो हुकूम राघोबाचा. फायदा त्याचा, पेशवाईची वस्त्रं त्याने घेतली, आणि न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून बोट दाखवलं तेही राघोबाकडेच, देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडून गेले. बायकोने अक्षर बदललं म्हटलं की नवरा अर्धा सुटतो, एवढाच या गोष्टीचा उपयोग, आणि अडीचशे वर्षं तो छान होतोय.

राघोबा नंतर इंग्रजांकडे गेला, १७७५ च्या सुरतेच्या तहात साष्टी-वसई देऊ केली, १७८३ मध्ये कोपरगावला वारला. आनंदीबाई त्यानंतर नजरकैदेतच राहिली आणि १७९४ मध्ये तुमच्या आनंदवल्लीतच गेली. तिचा मुलगा दुसरा बाजीराव पेशवा झाला तो १७९६ मध्ये, तिने ते काही बघितलं नाही.

प्रश्न : फ्रान्सच्या राणीने, मारी आंत्वानेतने, भाकरी नाही तर केक खा म्हटलेलं ते खरं की फेकाफेकी? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तिने म्हटलेलं नाही. तसलं वाक्य रूसो या लेखकाने एका राजकन्येच्या नावावर लिहून ठेवलं तेव्हा ही ऑस्ट्रियात पोरवयाची होती, फ्रान्सला लग्न होऊन आली १७७० मध्ये. तिला जास्त नडलं ते हिऱ्यांच्या हाराचं प्रकरण, १७८५ चं. एका बाईने राणीच्या नावाने खोटी पत्रं लिहून घेतली, एका कार्डिनलला फसवलं आणि प्रचंड किमतीचा हार लंपास केला. पत्रांवर सही 'मारी आंत्वानेत द फ्रान्स' अशी, आणि राण्या फक्त स्वतःचं नाव लिहायच्या, हे एवढ्या मोठ्या धर्मगुरूला कळू नये! राणीचा त्यात काडीचा हात नव्हता, तरी पॅरिसमधल्या लोकांनी तिलाच चोर ठरवलं. बाकी ती उधळी होती, क्रांती झाल्यावर माहेरच्यांशी गुप्त पत्रव्यवहार करून फ्रेंच सैन्याच्या बातम्या पुरवत होती हेही तितकंच खरं आहे, तेव्हा अगदीच बिचारी करून टाकू नका.