मार्चमध्ये जागं होऊन उपयोग नाही

अरे, तू नुसता उशिरापर्यंत राबतोयस ना, पहिल्या वर्षी मीही हेच केलं. हिंजवडीतल्या एका मोठ्या आयटी कंपनीत रात्री १० पर्यंत बसायचो. वाटायचं, साहेबांना दिसतंय ना सगळं! काही दिसत नसतं. त्यांच्या हाताखाली २०-२५ जण, आणि वर्षभराच्या कामाचं रेटिंग ठरतं बंद खोलीत, चार-पाच मॅनेजर आपापल्या माणसांसाठी घासाघीस करत असताना. तिथं तू नसतोस. तुझ्या बाजूनं बोलायला साहेबांच्या हातात काहीतरी ठोस हवं. म्हणून दर शुक्रवारी १० मिनिटं काढून लिहून ठेव: काय केलं, कुणाचं अडलेलं काम सुटलं, किती तास वाचले. क्लायंटच्या शाबासकीचे मेल वेगळ्या फोल्डरमध्ये टाक. (ऑफिसच्याच मेलबॉक्समध्ये हं! स्वतःच्या जीमेलवर पाठवलेस तर सिक्युरिटीवाले विचारायला येतील.)

बेंचवर आलास, म्हणजे हातात प्रोजेक्टच नसला, तर घाबरू नकोस, पण कॅन्टीनमध्ये रमूही नकोस. अंतर्गत जागांची यादी रोज बघ, आणि अर्ज करण्याआधी त्या टीममधल्या कुणासोबत तरी चहा घे. खरं काय ते तिथंच कळतं.

बढतीचं म्हणशील तर ऑक्टोबरातच स्पष्ट बोल. मार्च उजाडेपर्यंत बहुतेक ठिकाणी नावं ठरलेली असतात.