गुलमर्गला निघण्याआधी

बाप्पा, गुलमर्गच्या स्कीइंग स्पर्धेत हवामान बघायला जातोयस, तर मोबाइलवरच्या अंदाजावर विसंबू नको. तो बहुधा गावाचा असतो, शर्यतीच्या उताराचा नाही. हजार मीटर वर गेलं की पारा साधारण साडेसहा अंश उतरतो. पायथ्याला पाऊस, वर बर्फ. त्यातही हवा कोरडी असली तर आपल्या माठासारखं होतं: थेंब वाळता वाळता हवा गार करतो, मग पारा शून्याच्या एक-दोन अंश वर असूनही बर्फ पडतो. म्हणून ओल्या फडक्यातला तापमापक आधी बघ. वाऱ्याला मात्र खरं भ्यायचं. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिम्पिकमध्ये पुरुषांची डाउनहिल, म्हणजे उतारावरची वेगाची स्की शर्यत, त्याच्यापायीच पुढं ढकलली. आणि हो, आपल्या हरभऱ्यावर गारपीट आणण्यात ज्याचा बऱ्याचदा हात असतो, तो पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणारी पावसा-बर्फाची हवा, तिकडूनच येतो. उपग्रहाचं चित्र तासातासाला बघत जा.