रात्री दोनचा डबा आधी बंद करा

वय 38, गोव्यात कुंडईला फिरती पाळी, वडिलांना मधुमेह, आजी शेवटी घरच्यांनाही ओळखेनाशी झालेली आणि आता तुमचं एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, 6.3, मधुमेहाच्या उंबरठ्यावर. तुम्ही विचारताय, शरीराच्या घड्याळाची जनुकं तपासून घ्यावीत का? माझं मत, ते पैसे खिशातच ठेवा. मी स्वतः एकवीस वर्षं रात्रपाळी केली आणि आज दोन वेळा मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

झोप, भूक, साखर यांच्या वेळा ठरवणारं हे घड्याळ एका जनुकाचं नाही. क्लॉक आणि बीमॅल-1 ही जनुकांची जोडी पेर आणि क्राय या जनुकांना कामाला लावते. त्यांची प्रथिनं पेशीत साचली की ती त्याच जोडीला गप्प करतात. ती विरली की पुन्हा पहिल्यापासून. एका फेऱ्याला साधारण 24 तास. फळमाशीत हे उलगडणाऱ्या तिघांना 2017 चं नोबेल मिळालं. मेंदूतलं मुख्य घड्याळ उजेडावर चालतं. पण यकृताला, स्वादुपिंडाला स्वतःची घड्याळं आहेत आणि ती बरीचशी जेवणाच्या वेळेवर लागतात. रात्रपाळीत घोळ होतो तो इथेच. जत्रेच्या नाटकात पेटी एका पट्टीत आणि गाणारा भलत्याच पट्टीत असला की जे होतं, तेच.

स्वादुपिंडातलं घड्याळ बंद पाडलेल्या उंदरांना मधुमेह झाला, हे 2010 मध्येच दिसलं होतं. इन्सुलिन हवं तेव्हा पुरेसं सुटेना. माणसांवरचा प्रयोग मला जास्त पटला. 2021 मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी 19 जणांना प्रयोगशाळेत खोटी रात्रपाळी करायला लावली. रात्री जेवणाऱ्यांची साखर सरासरी 6.4 टक्क्यांनी वाढली, फक्त दिवसा जेवणाऱ्यांची वाढली नाही. जागरण दोघांनाही तेवढंच होतं.

मी घरच्या मीटरवर करून पाहिलं. तेच शीत, तेच बांगड्याचं हुमण, तेवढंच. सुट्टीच्या दिवशी दुपारी एकला जेवलो तर दोन तासांनी 158. पाळीवर रात्री दीडला जेवलो तर 211. एकट्याचा प्रयोग, शास्त्र नव्हे, पण त्या रात्रीपासून डबा नेणं बंद केलं.

आता जनुक. मेलाटोनिन या रात्री वाढणाऱ्या संप्रेरकाचा निरोप घेणाऱ्या एमटीएनआर-1बी या जनुकाचा एक प्रकार असलेल्यांना मधुमेहाचा धोका थोडा जास्त, हे 2009 पासून माहीत आहे. स्पेनमध्ये 845 जणांवर पाहिलं, तर झोपेच्या तोंडावर जेवल्याने साखर सगळ्यांचीच चढली, या प्रकारवाल्यांची जरा जास्त. म्हणजे चाचणी काहीही सांगो, सल्ला तोच. आणि आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2023 च्या पाहणीत गोव्यात मधुमेही 26.4 टक्के, देशात सर्वांत जास्त. एवढ्या सगळ्यांचा दोष आजोबांच्या जनुकांवर कसा टाकणार?

आजीबद्दल सावधपणे लिहितो. अल्झायमरमध्ये मेंदूतलं मुख्य घड्याळही झिजतं, आणि झोप मोडली की बीटा-अमायलॉइडचा, म्हणजे या आजारात मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाचा, निचरा मंदावतो. कशामुळे काय होतं, हे मात्र अजून पुरतं सुटलेलं नाही. माझी आई तिन्हीसांजेला स्वतःच्याच सोप्यावर बसून विचारायची, "घरी कधी जायचं?" तुळशीपुढे दिवा लावला की जास्तच घाबरी व्हायची. डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही तिला रोज सकाळी सात वाजता अंगणात बसवू लागलो. आठवण काही परतली नाही, पण रात्रीची उठाउठ कमी झाली. तुमच्यासाठी सरळ धागा एवढाच की मधुमेह स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवतो. साखर सांभाळणं हे मेंदूचंही काम आहे.

पाळीला निघण्याआधी साडेसातला पोटभर जेवा. मध्यरात्री पाणी, अगदीच राहवेना तर उकडलेलं अंडं किंवा मूठभर चणे. घरी आल्यावर हलकं खा आणि खोली काळोखी करून झोपा. मी जाड निळे पडदे शिवून घेतले होते. पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला की गरम उंडे, म्हणजे गोल पाव, घ्यायचा मोह होतो, तो मला कधीच आवरला नाही, तुम्ही बघा.

तुम्हाला अजून गोळी सुरू नाही, म्हणून हे इतकं मोकळेपणी सांगतोय. ज्यांना इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी इन्सुलिन वाढवणारी गोळी चालू आहे, त्यांनी रात्रीचं खाणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोडू नये, साखर एकदम खाली जाऊ शकते. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा आणि आकडा कळवा.