माहेर मुंबई बंदरातलं, सासर कलकत्त्याचं

प्रश्न : नमस्कार. मी मॉरिशसची, वाक्वाला राहते. मराठी शाळेत शिकले आणि घरी आजीकडून ऐकली, त्यामुळे चुका पोटात घाला. माझं माहेरचं आडनाव सकाराम, सासरचं गोपॉल. नवऱ्याचे लोक भोजपुरी बोलणारे, त्यांचे पूर्वज बिहारमधून आले म्हणतात, आमचे रत्नागिरीचे म्हणतात, म्हणजे म्हणतात एवढंच, कागद कुणाकडेच नाही. आता ओसीआय कार्डासाठी (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते) अर्ज करावा असं दोघांच्याही मनात आहे म्हणून दोन्ही घराण्यांचा पहिला माणूस शोधायचाय. इंटरनेटवर सकाराम आडनावाचं गाव खूप शोधलं, काही सापडत नाही. माझी 84 वर्षांची आत्या सांगते की आमचे पूर्वज मोठे सरदार होते आणि त्यांना फसवून बोटीत बसवलं. नवरा हसतो, म्हणतो आमचेच लोक आधी आले, त्यावर आमची पैजही लागलीये. सुरुवात कुठून करू? – एक वाचक

उत्तर : ताई, चुकांचं सोडा, तुमचं मराठी आमच्या इथल्या कितीतरी जणांपेक्षा स्वच्छ आहे.

पहिली गोष्ट म्हणजे सकाराम नावाचं गाव शोधणं आजपासून बंद करा, कारण ते आडनाव नाहीचे. तो आपला सखाराम आहे. बोटीतून उतरलेल्या माणसाला कारकुनानं नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, आणि इंग्रजी किंवा फ्रेंच वळणाच्या कानाला जे ऐकू आलं ते लिहून टाकलं. आडनावाची भानगड त्या रजिस्टरात बहुतेक वेळा नव्हतीच. पुढे मुलंबाळं झाली, जन्मनोंदीला आडनाव हवं म्हणून बापाचं नाहीतर आज्याचं नाव तिथे चिकटलं आणि तेच पिढ्यान्‌पिढ्या चाललं. लक्ष्मणचा लक्सिमन झाला, गोपाळ किंवा गोपालचा गोपॉल झाला, सखारामातला ख गळाला. म्हणजे तुमचं खरं आडनाव कदम होतं का सावंत का आणखी काही हे सकाराम या शब्दातून कळणार नाही, आणि तो सखाराम स्वतः बोटीतून आलेला की आलेल्या माणसाचा बाप, जो बिचारा गावीच राहिला, हेही नुसत्या नावावरून सांगता येत नाही. तरी एक होतं, असल्या नावावरून बंदराचा अंदाज येतो. सखाराम, बाबाजी, गणू, विठू असली नावं दिसली की मुंबईची बोट म्हणायला हरकत नाही.

मग शोधायचं काय, तर नंबर. 1834 ते 1920 च्या दरम्यान सुमारे 5 लाख माणसं उसाच्या मळ्यांवर मजुरी करायच्या करारावर मॉरिशसला आली आणि आलेल्या प्रत्येकाला एक इमिग्रंट नंबर मिळाला, बाईला वेगळा, पुरुषाला वेगळा. नाव दहा प्रकारे लिहिलेलं सापडेल पण नंबर बदलत नाही (एक अपवाद आहे, तो शेवटी सांगतो). मळ्यावर, पोलिसात, लग्नात, मुलाच्या जन्मनोंदीत, सगळीकडे हा नंबर मागे लागलेला असायचा. त्या काळी तो माणसाला जखडायला होता, आज त्याच्या पणतूच्या नातीला उपयोगी पडतोय.

नंबरापर्यंत जायचं म्हणजे स्वतःपासून मागे मागे जायचं. तुमचा जन्मदाखला, वडिलांचा, आजोबांचा, असं सिव्हिल स्टेटस ऑफिसातून एकेक दाखला काढत जा, लग्नाचे दाखलेही काढा, आणि मधली एकही पिढी उडी मारून जाऊ नका, घाई केली की इथेच चुकतं. चार-पाच पिढ्या मागे गेलात की एखाद्या जन्मनोंदीत आई-बापाच्या नावापुढे आकडा दिसेल, तोच. नोंद फ्रेंचमध्ये असेल तर ‘फिस द’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘फीय द’ म्हणजे मुलगी, तुम्हाला हे मी काय सांगावं म्हणा.

यात एक खाचखळगा आहे. आपल्या पद्धतीनं मांडवात लागलेलं लग्न सरकार तेव्हा धरत नव्हतं, त्यामुळे बापाबरोबर आयुष्यभर संसार केलेल्या बाईचीही मुलं कागदावर अनौरस म्हणून नोंदलेली दिसतात आणि काही वेळा बापाऐवजी आईचंच नाव पुढे येतं. असं काही दिसलं तर दचकू नका आणि आत्याला त्या शब्दात तर अजिबात सांगू नका. उलट आईचं नाव मिळालं की आईचा नंबर शोधा, तिच्या नोंदीत नवऱ्याचा नंबर लिहिलेला असण्याची बरीच शक्यता असते.

नंबर हातात आला की मोका गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जा, भारतीय स्थलांतरितांची जुनी रजिस्टरं तिथल्या अभिलेखागारात ठेवलेली आहेत. तिथे एका आडव्या ओळीत अख्खा माणूस बसवलेला असतो, नंबर, नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव किंवा जिल्हा, बोट, आल्याची तारीख, कुठल्या मळ्यावर पाठवला, आणि पुढे कधीतरी दुसऱ्याच शाईत मेल्याची किंवा परत गेल्याची नोंद. वयावर फार विसंबू नका, ते नजरेनं ठरवलेलं असायचं, वीस, पंचवीस, तीस असे गोल आकडे बघितले की कळतंच. 1860 च्या दशकापासून फोटोही काढायला लागले, करार संपलेल्या जुन्या माणसांना 1867 च्या कायद्यानंतर फोटोवालं तिकीट जवळ बाळगावं लागायचं, नसलं की पोलीस धरायचे. म्हणजे तुमचा माणूस त्याच्या आधी आलेला असला तरी तेव्हा जिवंत असेल तर चेहरा बघायला मिळू शकतो.

आता दोन घरांत फरक कुठे पडतो ते सांगतो. सासरचं काम त्या मानानं सोपं जाईल कारण कलकत्त्याच्या बोटींच्या नोंदीत, विशेषतः नंतरच्या काळातल्या, जिल्हा, परगणा किंवा ठाणं आणि गाव असं सगळं मिळतं. फक्त जिल्हे आताच्या नकाशावर शोधू नका. आरा किंवा शहाबाद लिहिलं असेल तर आज ते भोजपूर, बक्सर, रोहतास, कैमूर यातलं काहीही असू शकतं. छपरा म्हणजे जुना सारण, त्यात आजचे सिवान आणि गोपालगंजही आले. गाझीपूर लिहिलं असेल आणि साल 1879 च्या आधीचं असेल तर गाव आता बलियात असू शकतं, आणि मग ते बिहारही नव्हे, उत्तर प्रदेश झालं, नवरोबांना आधीच सांगून ठेवा. जातीच्या रकान्यात ‘धांगर’ दिसलं तर आपला धनगर समजून खूश होऊ नका, कलकत्त्याच्या नोंदीत तो शब्द छोटा नागपूरच्या आदिवासींसाठी आहे. 2 नोव्हेंबर 1834 ला ॲटलस बोटीतून जे पहिले 36 जण पोर्ट लुईला उतरले ते त्याच मुलखातले डोंगरी मजूर होते.

माहेरचं कठीण आहे, स्पष्टच सांगतो. मधे काही वर्षं बंद पडलेली भरती 1842 नंतर परत सुरू झाली तेव्हा कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबईही होती, पण मुंबईच्या ओळीत कित्येकदा नुसतं ‘रत्नागिरी’ लिहून विषय संपवलेला असतो, आणि ‘मुंबई’ लिहिलं असेल तर तो तिथला असेलच असंही नाही, कामाच्या शोधात घाटावरून नाहीतर कोकणातून येऊन तिथे भरती झालेला असू शकतो. शिवाय तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून, सिंधुदुर्ग 1981 ला वेगळा झाला, मालवण-वेंगुर्ला सगळं त्यातच, फक्त सावंतवाडीचं संस्थान वेगळं. गावाचं नाव मिळालं तर नशीब समजा, ते इंग्रजी स्पेलिंग मोठ्यानं वाचा, दोन-तीनदा वाचा, बघत बसू नका. डोळ्याला अगम्य असलेलं नाव कानाला एकदम ओळखीचं लागतं.

नाहीच मिळालं तर घरातच शोधा. तुमच्याकडे गणपतीत झाकरी नाचतात ना, ती आमच्या कोकणातली जाखडी, म्हणजे दिशा तर बरोबर आहे. गोंधळात कुठल्या देवीला हाक मारतात, आजी कुलदैवत कुठलं म्हणायची, नैवेद्य कशाचा, हे आत्याकडून काढून घ्या आणि फोनवर रेकॉर्ड करा. देवाचं नाव बरेचदा गावाच्या नावासकट येतं, कागद जिथे थांबतो तिथून पुढे एवढाच धागा उरतो.

सरदाराच्या गोष्टीबद्दल, आत्याचं मन मोडू नका पण अर्जात लिहूही नका. फसवून नेलं हे मात्र उडवून लावण्यासारखं नाही. मॉरिशसला दगड उलटा केला की खाली सोनं सापडतं असं सांगून नेलं, ही गोष्ट तुमच्या सासरीही ऐकली असेल बघा, दोन्ही बंदरांतून गेलेल्यांच्या घरात ती आहे, आणि मुकादमांनी कामाचं, पगाराचं, अंतराचं खोटं सांगून माणसं भरल्याच्या तक्रारी त्या काळीही झाल्याच होत्या.

ओसीआयचं म्हणाल तर मार्च 2024 मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू तुमच्या राष्ट्रीय दिनाला आल्या होत्या तेव्हा मॉरिशसच्या लोकांसाठी सातव्या पिढीपर्यंतची खास सवलत जाहीर झाली. 1850 च्या आसपास आलेल्या माणसापासून तुम्ही सहाव्या-सातव्या पिढीत बसत असाल, आणि म्हणूनच वर म्हटलं की मधली एकही पिढी सोडू नका, साखळीतला एक दाखला कमी असला की अडकलं. कागद नेमके कुठले लागतात ते अर्जाआधी भारतीय उच्चायुक्तालयात विचारून घ्या. दोघांचे अर्ज एकाच वेळी करायची गरज नाही, नवऱ्याचे कागद आधी जमतील तर त्यांचं आधी होऊ दे.

आणि पैजेचं. नंबर साधारण आल्याच्या क्रमानं पुढे पुढे जातात, तेव्हा ज्याचा आकडा लहान त्याची सरशी, बोटींच्या तारखा बघायचीही गरज नाही. फक्त तो अपवाद आठवा, करार संपल्यावर काहीजण गावी गेले, मन रमलं नाही किंवा पोट भरलं नाही म्हणून परत आले, आणि परत आलेल्याला नवा नंबर मिळाला. त्यामुळे तुमचा आकडा मोठा निघाला तर लगेच हार मानू नका, आधी त्याच माणसाचा जुना नंबर आहे का ते तपासा.